ती धून कुणाची?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी वडप्याचा. मुंबईहून नाशिकला रस्त्यानं गेला असाल, तर आमचं गाव तुम्ही नक्की पाहिलेलं आहे, फक्त तिथं उतरला नसाल. भिवंडीचा रस्ता महामार्गाला मिळतो तिथलं हे गाव. आज दोन्ही बाजूंना पत्र्याची प्रचंड गोदामं आहेत, कंटेनरच्या रांगा आहेत. माझ्या लहानपणी तिथं भातखाचरं होती, आणि रात्री बेडकांच्या आवाजापुढे दुसरं काही ऐकू यायचं नाही.

माझे वडील भिवंडीत यंत्रमागावर रात्रपाळी करायचे. ज्यांनी मागाचा कारखाना आतून पाहिला आहे, त्यांना ठाऊक असेल की तिथं माणसं बोलत नाहीत, खुणा करतात. एका छपराखाली वीस-पंचवीस माग खटाखट चालू असले की शेजारच्याचं ओरडणंसुद्धा पोचत नाही. अशी बारा तासांची पाळी करून वडील पहाटे सायकलवरून घरी यायचे. तेव्हा आमच्या ओट्यावर रेडिओ सुरू झालेला असायचा. सभा सुरू होण्याआधीची आकाशवाणीची ती धून तुम्हा सगळ्यांच्या कानात आहे. खाली तंबोऱ्याचा संथ झंकार, आणि त्यावर व्हायोलिनची ती वर चढून हळूच उतरणारी सुरावट. वडील सायकल भिंतीला लावायचे आणि पाय धुण्याआधी रेडिओला कान लावून उभे राहायचे. मागावर वर्षानुवर्षं काम केल्यानं त्यांना कमी ऐकू यायचं. ते म्हणायचे, रात्रभरात कानाला न टोचणारा हा पहिला आवाज.

पुढं मी डी.एड. करून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झालो. एका पहाटे वडिलांनी मला विचारलं, ‘‘तू मास्तर ना रं? मग सांग, ही धून कोनाची?’’

मला सांगता आलं नाही. मी भजनी मंडळात पेटी वाजवायचो, शाळेत गाणी बसवायचो, पण हा प्रश्न कधी माझ्या डोक्यात आला नव्हता. मी म्हटलं, ‘‘सरकारी आहे, बाबा. सरकारची असते ती.’’ ते हसले आणि पाय धुवायला गेले. वडील गेल्यावर कितीतरी वर्षांनी मला या प्रश्नाचं उत्तर मिळालं. आज मी तेच तुम्हाला सांगणार आहे, आणि त्या उत्तरानं मला माझी एक चूक कशी दाखवली, तेही सांगणार आहे.

त्या माणसाचं नाव वॉल्टर कॉफमान. जन्म १ एप्रिल १९०७, गाव कार्ल्सबाद. हे गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेलं गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं. पहिलं महायुद्ध संपलं आणि ते चेकोस्लोव्हाकियात गेलं. आज ते कार्लोवी वारी या नावानं ओळखलं जातं. घरातली भाषा जर्मन, शिक्षण जर्मन, संगीताचे संस्कार जर्मन, आणि कुटुंब ज्यू. त्या काळात या चार गोष्टी एका माणसात एकत्र असणं म्हणजे काय, हे पुढं दिसेलच.

कॉफमान बर्लिनला संगीत शिकायला गेले. संगीतरचना शिकले ती फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे. श्रेकर हे त्या काळी ऑपेराच्या क्षेत्रातलं मोठं नाव होतं. संगीतशास्त्राचे धडे मिळाले ते कुर्ट झाक्स यांच्याकडून. जगभरच्या वाद्यांचं वर्गीकरण करण्याची जी पद्धत आजही वापरली जाते, ती झाक्स आणि त्यांचे सहकारी हॉर्नबोस्टेल यांनी १९१४ मध्ये मांडली होती. म्हणजे आपल्या तुणतुण्याला आणि आफ्रिकेतल्या ढोलाला एकाच आदरानं पाहणारा हा गुरू होता. त्यानंतर कॉफमान प्रागच्या जर्मन विद्यापीठात डॉक्टरेटसाठी गेले. प्रबंधाचं काम झालं, पण आपले मार्गदर्शक नाझी संघटनेत पुढारी आहेत असं कळल्यावर त्यांनी ती पदवी घ्यायचीच नाकारली. पंचविशीतल्या मुलाच्या दृष्टीनं ही लहान गोष्ट नव्हती. पुढं आयुष्यभर विद्यापीठात शिकवायचं होतं, आणि पदवी तर हातची सोडलेली.

जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. झाक्स यांची नोकरी गेली. श्रेकर यांनाही पद सोडावं लागलं होतं, आणि मार्च १९३४ मध्ये ते बर्लिनमध्ये वारले. त्याच्या एक महिना आधी, फेब्रुवारी १९३४ मध्ये, त्यांचा हा शिष्य मुंबईच्या बंदरात उतरला होता.

मुंबईच का? याची दोन कारणं त्यांनी सांगितली आहेत. एक अगदी व्यवहारातलं आहे. हिंदुस्थानचा व्हिसा सहज मिळत होता. दुसरं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. युरोपात असताना त्यांनी हिंदुस्थानी संगीताच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या होत्या आणि त्यांना त्यातलं काहीही कळलं नव्हतं. ते संगीत परकं वाटलं, अनाकलनीय वाटलं. आपल्यापैकी बहुतेक जण अशा वेळी काय करतात? तबकडी बाजूला ठेवतात आणि म्हणतात, हे काही संगीत नव्हे. कॉफमान यांनी वेगळा विचार केला. हे संगीत हृदय आणि बुद्धी असलेल्या माणसांनी निर्माण केलं आहे, लाखो माणसं त्यावर प्रेम करतात. तेव्हा ते मला कळत नसेल तर दोष माझा आहे. आणि दोष माझा असेल, तर ते जिथं जन्मलं तिथं जाऊन शिकलं पाहिजे.

श्रोतेहो, या एका विचारावर त्या माणसाचं पुढचं सगळं आयुष्य उभं राहिलं. थोड्या दिवसांसाठी म्हणून आलेले कॉफमान मुंबईत बारा वर्षं राहिले.

तेव्हाची मुंबई डोळ्यांपुढे आणा. गिरण्यांचे भोंगे, ट्राम, बोलपटांची सुरुवात, आणि जगभरातून येऊन पडलेली माणसं. आल्यानंतर काही महिन्यांतच कॉफमान यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी सुरू केली. चेंबर म्युझिक म्हणजे तीन-चार किंवा पाच वादकांनी लहानशा दालनात वाजवायचं संगीत. आपल्या घरगुती बैठकीच्या जवळ जाणारं. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात ही मैफल व्हायची. पियानोवर स्वतः कॉफमान, चेलोवर एदिजिओ वेर्गा नावाचे इटालियन गृहस्थ, आणि व्हायोलिनवर एक तरुण पारशी वादक, मेहली मेहता. मे १९३७ पर्यंत या मंडळींच्या शंभरावर मैफली झाल्या होत्या. मेहली मेहतांचा मुलगा एप्रिल १९३६ मध्ये मुंबईतच जन्मला. पुढं जगातल्या मोठमोठ्या वाद्यवृंदांपुढे उभा राहिलेला तो झुबिन मेहता.

आता धुनेकडे येऊ. मुंबईत रेडिओ केंद्र सुरू झालं ते २३ जुलै १९२७ रोजी, एका खासगी कंपनीच्या हातून. ती कंपनी १९३० मध्ये बुडाली आणि सरकारनं प्रसारण आपल्याकडे घेतलं. जून १९३६ मध्ये या सेवेचं नाव ‘ऑल इंडिया रेडिओ’ झालं. त्याच वर्षी ही ओळखधून तयार झाली, आणि ती वॉल्टर कॉफमान यांनी रचली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्यातलं व्हायोलिन मेहली मेहतांचं, असंही सांगितलं जातं. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की धुनेच्या श्रेयासाठी ठाकूर बलवंतसिंग, पंडित रविशंकर, विष्णुदास शिराळी ही नावंही घेतली जातात. पण कॉफमान यांच्या आयुष्याची वळणं पाहिली आणि मग ती धून पुन्हा ऐकली, की माझ्यासारख्या पेटी वाजवणाऱ्या साध्या माणसालाही काही गोष्टी जाणवतात.

खाली तंबोरा आहे. तो आपला षड्ज धरून बसलेला आहे, कुठं जात नाही, कुठं येत नाही. पाश्चात्त्य संगीतात वाढलेल्या माणसाला हा न हलणारा सूर चमत्कारिक वाटतो. त्याच्या संगीतात खालचे सूर सारखे पालटत असतात. आणि या तंबोऱ्यावर चालतं ते पाश्चात्त्य धाटणीनं वाजवलेलं व्हायोलिन. त्या सुरावटीत अनेकांना शिवरंजनीची छाया दिसते. पण शिवरंजनीचं शास्त्रोक्त दर्शन घडवावं असा काही आव त्यात नाही. परक्या घरी पहिल्यांदा आलेला माणूस चप्पल बाहेर काढतो, उंबऱ्यापाशी थांबतो आणि हलक्या आवाजात हाक मारतो, तशी ती धून आहे.

ती रचली तेव्हा कॉफमान यांचं वय होतं एकोणतीस, आणि मुंबईत येऊन त्यांना जेमतेम दोन वर्षं झाली होती. पुढच्या वर्षी, १९३७ मध्ये, ते मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख म्हणून रुजू झाले आणि १९४६ पर्यंत तिथं राहिले. १९३८ मध्ये त्यांची ‘अनसूया’ ही रेडिओसाठी लिहिलेली संगीतिका प्रसारित झाली. आपल्याकडच्या पहिल्या रेडिओ संगीतिकांमध्ये तिची गणना होते.

रेडिओतल्या पगाराव्यतिरिक्त ते चित्रपटांसाठीही काम करायचे. मोहन भवनानी यांच्या कंपनीत त्यांना काम मिळालं. भवनानी स्वतः जर्मनीत चित्रपटाचं शिक्षण घेऊन आलेले. मुन्शी प्रेमचंदांकडून गिरणी कामगारांवर ‘मजदूर’ हा चित्रपट लिहून घेणारे तेच. भिवंडीच्या माणसाला ही गोष्ट ऐकून बरं वाटतं.

इथं एक विसंगती सांगावीशी वाटते. १९३६ मध्येच मालाडच्या बॉम्बे टॉकीजनं ‘अछूत कन्या’ हा चित्रपट काढला. अस्पृश्यतेवरचा हा चित्रपट दिग्दर्शित करणारे फ्रान्झ ऑस्टेन जर्मनच होते, आणि ते नाझी पक्षाचे सभासद झाले होते. म्हणजे एकाच शहरात, एकाच वर्षी, एक जर्मन दिग्दर्शक नाझी पक्षाचं ओळखपत्र बाळगून होता, आणि जर्मन भाषेत वाढलेला दुसरा कलावंत त्याच पक्षाच्या भीतीनं घर सोडून आला होता. मुंबईनं दोघांनाही काम दिलं. युद्ध सुरू झाल्यावर ऑस्टेन यांना इंग्रज सरकारनं ताब्यात घेतलं.

कॉफमान एकटे नव्हते. त्या दहा-बारा वर्षांत जर्मन भाषा बोलणारी कितीतरी निर्वासित माणसं मुंबईत आली. चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, कलासमीक्षक रूडी फॉन लायडन, चित्रसंग्राहक श्लेसिंगर ही त्यांतली काही. आरा, रझा, हुसेन, गाडे, सूझा, बाकरे या आपल्या चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह गटाला सुरुवातीच्या काळात पाठबळ दिलं ते या मंडळींनी. आसरा मागायला आलेल्या माणसांनी शहराला किती दिलं, याचा हिशेब आपण अजून नीट मांडलेला नाही.

पण मुंबईत गुरुवारच्या मैफली रंगत होत्या तेव्हा युरोपात काय चाललं होतं? कॉफमान यांच्या पत्नीचं नाव गेर्टी. जगप्रसिद्ध लेखक फ्रान्झ काफ्का याची ती भाची. काफ्काच्या थोरल्या बहिणीची, एल्लीची मुलगी. १९४१ मध्ये एल्लीला प्रागमधून लोड्झच्या ज्यू वस्तीत नेण्यात आलं आणि नंतर ठार मारण्यात आलं. काफ्काच्या तिन्ही बहिणी अशाच गेल्या. त्या काळात रोज सकाळी मुंबई केंद्रावरून ती धून वाजत होती. धून तीच होती, आणि तिच्या रचनाकाराच्या घरात मात्र कुणाची चिठ्ठी येते का याची वाट पाहणं चालू असेल. मी आता ती ऐकतो तेव्हा हे विसरू शकत नाही.

या सगळ्यात कॉफमान यांचं शिकणं थांबलं नाही. राग समजून घेणं तर चालूच होतं, पण ते तिथंच थांबले नाहीत. ते गोंड आणि बैगा आदिवासींच्या गाण्यांकडे वळले. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या एका मान्यवर संगीतविषयक त्रैमासिकात त्यांचा या गाण्यांवरचा लेख छापून आला. नंतर बस्तरच्या माडिया आणि मुरिया गोंडांच्या गाण्यांवर त्यांनी लिहिलं, नेपाळच्या लोकगीतांवर लिहिलं. आपल्या गडचिरोलीला लागून असलेल्या मुलखातली ही गाणी. आपल्याकडच्या किती संगीतशिक्षकांनी त्या काळात ती कान देऊन ऐकली होती? मी स्वतः शिक्षक असल्यानं हा प्रश्न आधी मलाच विचारतो. आमच्या वडप्याच्या आसपास वारली आणि कातकरी पाडे आहेत. तारपा मी वर्षानुवर्षं लांबून ऐकला. जवळ जाऊन, बसून, एक रात्रभर ऐकला असं कधी झालं नाही.

१९४६ मध्ये कॉफमान मुंबई सोडून इंग्लंडला गेले. १९४७ मध्ये कॅनडातल्या हॅलिफॅक्सला संगीत विद्यालयात शिकवू लागले. १९४८ मध्ये विनिपेग शहराच्या नव्या सिम्फनी वाद्यवृंदाची सूत्रं त्यांच्याकडे आली. तिथली नऊ-एक वर्षं संपल्यावर १९५७ मध्ये ते अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि वीस वर्षं तिथं शिकवलं. डॉक्टरेट नाकारलेल्या त्या तरुणाला शेवटी विद्यापीठाचा वर्ग मिळाला. संगीतरचना तर अखंड चालू होती. ऑपेरा, सिम्फनी, अनेक स्ट्रिंग क्वार्टेट्स. एका रचनेचं नावच त्यांनी ‘मद्रास एक्स्प्रेस’ ठेवलं होतं. ९ सप्टेंबर १९८४ रोजी ब्लूमिंग्टन या गावी त्यांचं निधन झालं.

तिथं बसून त्यांनी जे ग्रंथ लिहिले, ते आपल्याशी थेट जोडलेले आहेत. १९६७ मध्ये पौर्वात्य संगीताच्या स्वरलेखन पद्धतींवरचा ग्रंथ आला. १९६८ मध्ये उत्तर हिंदुस्थानी रागांवरचा मोठा ग्रंथ आणि १९७६ मध्ये दक्षिणी रागांवरचा. उत्तरेकडच्या रागांची मांडणी करताना त्यांनी आधार घेतला तो पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या दहा थाटांचा. भातखंडे मुंबईचेच. वकिली सोडून ते गावोगावच्या घराण्यांच्या दारी गेले, उस्तादांची मनधरणी करून त्यांच्या बंदिशी स्वरलिपीत उतरवून घेतल्या. त्यांचं निधन झालं सप्टेंबर १९३६ मध्ये, म्हणजे ही धून जन्मली त्याच वर्षी. हे वर्ष जुळणं निव्वळ योगायोग असेल. पण भातखंड्यांनी आयुष्यभर जे केलं तेच काम समुद्रापलीकडे एका परक्या माणसानं पुढं नेलं, यात योगायोग नाही. दोघांनीही आधी ऐकलं आणि मग लिहिलं.

कागदावर लिहून राग कळतो का, असा प्रश्न कुणीही विचारील. मींड, गमक, दोन स्वरांमधली ती जागा कागदावर उतरत नाही, हे खरंच आहे. मला यावर आमच्या भिवंडीतलं एक उदाहरण आठवतं. जकार्डच्या मागाला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक माळ जोडलेली असते. कुठला धागा उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा, ते त्या भोकांवरून ठरतं. नवख्या माणसानं ती पुठ्ठी पाहिली तर त्याला नुसती भोकं दिसतात. जाणत्या विणकराला त्यात किनारीवरचा मोर दिसतो. स्वरलिपीचं तसंच आहे. पुठ्ठी म्हणजे कापड नव्हे, पण पुठ्ठी जपून ठेवली तर नक्षी हरवत नाही. आणि हजारो मैलांवरच्या वर्गात, जिथं कुणी कधी तंबोरा पाहिलेला नाही, तिथल्या मुलाला निदान एवढं कळतं की इथं एक मोर आहे, तो पाहायला जायला हवं.

कॉफमान यांचं स्वतःचं संगीत मात्र बराच काळ धूळ खात पडलं. निर्वासितांच्या नशिबी हे येतंच. जर्मनीनं त्यांना आपलं म्हटलं नाही, चेकोस्लोव्हाकियात ते जर्मन ठरले, आणि हिंदुस्थानात त्यांची धून रोज वाजत राहिली पण नाव कुणाच्या ओठावर आलं नाही. अलीकडं परिस्थिती थोडी बदलते आहे. २०२० मध्ये टोरांटोच्या एआरसी आँसाम्ब्ल या वादकसमूहानं त्यांच्या चेंबर संगीताचं ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केलं. त्यानंतर अनेकांना पहिल्यांदाच कळलं की त्या धुनेमागे एक सबंध संगीतकार उभा होता.

आता माझी चूक सांगतो.

नव्वदीच्या दशकात आमच्याकडे गोदामं वाढू लागली. हमालीसाठी उत्तरेकडून माणसं आली. काहींची मुलं आमच्या मराठी शाळेत बसू लागली. एका वर्षी स्नेहसंमेलनाची तयारी चालू होती. गाण्यासाठी कुणाकुणाला घ्यायचं म्हणून मी मुलांना उभं करून ऐकत होतो. पाचवीतला एक मुलगा, आझमगडकडचा, हात वर करून उभा राहिला. त्यानं त्याच्या गावाकडचं बिरहा गायला सुरुवात केली. उंच पट्टी, खणखणीत आवाज, लांबवलेली हाक, डावा हात कानावर. वर्गातली मुलं फिदीफिदी हसली. मी पेटीवर त्याचा सूर शोधत होतो. तो मला सापडेना. पेटीच्या पट्ट्यांमध्ये बसत नव्हता. मी म्हटलं, ‘‘बस खाली. सुरात नाही. आणि आपल्या कार्यक्रमात हे चालणार नाही.’’

तो खाली बसला. त्या वर्षी मी त्याला समूहगीतात मागच्या रांगेत उभं केलं. पुढच्या जूनमध्ये तो शाळेत आला नाही. बाप दुसऱ्या ठिकाणी कामाला गेला होता. कुणाचा दाखला न्यायलाही कुणी आलं नाही.

मला त्या वेळी काही वाईट वाटलं नव्हतं, हे मी कबूल करतो. मी संगीताची बाजू सांभाळली असंच मला वाटत होतं. पेटीवर सापडेना म्हणजे सूर चुकला, असं माझं गणित होतं. गंमत अशी, की ज्या पेटीवर मी एवढा विश्वास टाकला होता, त्याच पेटीला याच रेडिओनं १९४० पासून सुमारे तीन दशकं बंदी घातली होती. आपल्या संगीताचे बारीक सूर तिच्या पट्ट्यांत बसत नाहीत, हेच त्यामागचं कारण होतं. मी संगीतशिक्षक म्हणवत होतो आणि मला एवढंही कळलं नाही की मोजपट्टी आखूड असू शकते.

निवृत्तीनंतर मी कॉफमान यांच्याविषयी वाचलं. त्या ध्वनिमुद्रिकांची हकीकत आली, मला कळत नसेल तर दोष माझा आहे, हे आलं, आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. मला तो मुलगा दिसला. डावा हात कानावर, डोळे मिटलेले. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा एक परका तरुण, स्वतःचं घर सुटलेलं असताना, दुसऱ्याच्या संगीतासाठी स्वतःच्या कानाला दोष देऊ शकला. मी माझ्याच गावात, माझ्याच वर्गात, खुर्चीत बसून, दहा वर्षांच्या मुलासाठी तेवढं करू शकलो नाही. शिक्षक मी होतो. शिकायची पाळीही माझीच होती, हे मला उमगलं नाही.

तो मुलगा आता चाळिशीच्या आसपास असेल. कुठं असेल, गात असेल का, ठाऊक नाही. त्याला शोधून माफी मागावी असं फार वाटतं, पण भिवंडीतून गेलेला माणूस शोधणं सोपं नसतं. तेव्हा मी दुसरं एक करतो. आमच्या नाक्यावर पहाटे चहाची टपरी उघडते. गोदामांवर जाणारी मुलं तिथं थांबतात. कुणाच्या मोबाइलवर भोजपुरी चाललेलं असतं, कुणाच्या ओडिया, कुणाच्या तेलुगू. पूर्वी मी चहा घेऊन लांब जाऊन उभा राहायचो. आता बाकड्यावर बसतो आणि विचारतो, ‘‘हे कुठलं रे? कोण गातंय?’’ पहिल्यांदा ती मुलं बिचकली. त्यांना वाटलं, काका आवाज कमी करायला सांगणार. आता एक-दोघं आपणहून मोबाइल पुढं करतात. सगळं आवडतं असं नाही. पण न आवडणं आणि न ऐकणं यांतला फरक मला या वयात कळू लागला आहे.

श्रोतेहो, आपल्या देशाची सकाळ ज्या सुरांनी उजाडते, ते सूर घर सुटलेल्या एका माणसानं बांधले. त्यानं आपलं संगीत आधी ऐकलं, ते कळेना म्हणून ऐकत राहिला, आणि जे कळलं त्यातून आपल्यासाठी एवढीशी धून करून ठेवली. एक मिनिटही चालत नाही ती. पुढच्या वेळी ती लागली की रेडिओचा कान पिळायची घाई करू नका. खालचा तंबोरा ऐका, वरचं व्हायोलिन ऐका.

आणि बाबा, तुम्ही विचारलं होतं ना, ही धून कोणाची? ती सरकारी नव्हती. वॉल्टर कॉफमान नावाचे एक मास्तर होते. त्यांची.